पश्मी कुत्रा

दख्खनच्या पठारावरील उंच, सडपातळ, लांब तोंडाच्या कारवानी कुत्र्याचा एक प्रकार. कान, शेपूट आणि पायांची मागील बाजू यांवर रेशमी केसांची झालर असते. नराची खांद्यापाशी उंची साधारण ७० सेंमी. मराठवाड्यात, विशेषतः लातूर जिल्ह्यातील जानवळ परिसरात, तो आखाड्यावर (शेतातील गुरांच्या वस्तीवर) राखणीसाठी पाळतात.

‘पश्मी’ हे नाव फार्सी ‘पश्म’ (लोकर, मऊ केस) यावरून आले. ‘कारवानी’चा संबंध व्यापारी तांड्यांशी जोडतात. उत्पत्तीविषयी दोन मते आहेत. सलूकी, ताझी हे शिकारी कुत्रे पश्चिम व मध्य आशियातून व्यापारी आणि सैनिकांबरोबर आले व त्यांच्यापासून हा वंश झाला, हे पहिले. तो मुळात दख्खनचाच, हे दुसरे. बांधा आणि फार्सी नाव पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र हे आगमन एकदाच न होता बहमनी काळापासून टप्प्याटप्प्याने झाले असावे आणि स्थानिक कुत्र्यांशी संकरही झाला असावा. कर्नाटकातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारवानी कुत्र्यांची पैदास केली, म्हणून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. २००५ च्या टपाल तिकिटावरही तेच आहे. त्या नावामागे मराठवाड्यातील पशुपालकांचा वाटा झाकला जातो, हे नोंदवले पाहिजे. पश्मीला स्वतंत्र जात मानण्याचे कारण नाही. लांब केसांचा गुण अप्रभावी (आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा) असल्याने आखूड केसांच्या जोडीलाही पश्मी पिल्लू होऊ शकते.

हा वासापेक्षा नजरेवर चालणारा कुत्रा. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, घरच्यांशी मात्र तो शांत असतो. सतत साखळीला बांधल्यास बिथरतो. रोज मोकळे धावणे हवेच. पळते जनावर दिसले की हाक ऐकत नाही, म्हणून हरणांच्या रानात त्याला आवरावे लागते. वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) शिकारीवर बंदी आहे.

आहार ज्वारीची भाकरी, दूध व अंडी किंवा मटण.

गोचिडांमुळे होणारा ताप हा मोठा धोका. हिरड्या फिक्या पडणे, नाकातून रक्त येणे दिसताच रक्ततपासणी करावी. पिल्लांना पार्व्होची (रक्ती जुलाबाच्या विषाणूजन्य रोगाची) आणि सर्वांना रेबीजची लस आवश्यक. छाती खोल असल्याने भरपेट खाऊन लगेच पळवू नये. पोट फुगून पीळ पडण्याची भीती असते. अंगावर चरबी कमी असल्याने थंडीत गोणपाटाचे अंथरूण लागते. कमी चरबीमुळे आणि मुख्यतः यकृतात औषधाचे विघटन मंद होत असल्याने अशा बांध्याच्या कुत्र्यांवर थायोपेंटोनसारख्या भुलीचा अंमल लांबतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यकास त्याचा वंश सांगावा.