ड्रॅगला गाडी सोडताना: मॅन्युअल गिअरच्या ग्राहकांसाठी माहिती

लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा झाल्या आणि घरची हॅचबॅक घेऊन पाव मैल पळवण्याची हौस अनेकांना लागली. आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ताकद वाढवण्याचा असतो. आम्ही आधी टायमिंग स्लिपवरचा (धावेच्या वेळा छापलेल्या चिठ्ठीवरचा) ६० फुटांचा आकडा, म्हणजे पहिले ६० फूट कापायला लागलेला वेळ, मागतो.

४०२ मीटरच्या धावेत हे ६० फूट म्हणजे जेमतेम १८ मीटर. पण ढोबळ हिशेब असा, की इथे ०.१ सेकंद वाचला तर शेवटी ०.१५ ते ०.२ सेकंद वाचतात. त्यासाठी सुटे भाग लागत नाहीत, डावा पाय तयार लागतो.

पोलो, स्विफ्ट, आय-ट्वेंटी या गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात. गाडी सुटताच वजन मागे सरकते आणि ओढणारी चाकेच हलकी होतात. रेस (इंजिनचे आरपीएम) जास्त ठेवून क्लच झटक्यात सोडला, तर टायर जागीच फिरतात. रेस कमी असेल तर इंजिन दबते. साध्या रोड टायरवर, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला ३,००० आरपीएमपासून सुरुवात करा आणि दर धावेला दोन-तीनशेने वर-खाली करून पाहा. टर्बो डिझेलला २,००० च्या आसपास पुरे.

क्लच पकड सुरू होईपर्यंत पटकन वर आणा, तिथे पाय क्षणभर रोखा, गाडी हलली की उरलेला सोडत ॲक्सिलरेटर वाढवा. चाके फिरू लागली तर ॲक्सिलरेटर किंचित सैल करा, क्लच पुन्हा दाबू नका. चाके उड्या मारू लागली तर मात्र ॲक्सिलरेटरवरून पाय लगेच काढा, त्या धक्क्यांनी ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्समधून चाक फिरवणारा दांडा) तुटतो. इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबर) झिजून दबलेले असेल तर चाके हमखास उड्या मारतात.

हिरव्या दिव्याची धास्ती नवख्यांना फार असते. तुमच्या धावेचे घड्याळ दिव्यावर नाही, पुढचा टायर स्टेजच्या किरणातून (सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून) बाहेर पडला की सुरू होते. म्हणून सरावाच्या धावेत दिवा लागल्यावर निवांत सुटा, वेळ बिघडत नाही. टायर त्या किरणात शिरल्यावर स्टेजचा दिवा लागतो, तो लागताच तिथेच थांबा. टायर किरणात जेवढा कमी शिरेल, तेवढी घड्याळ सुरू होण्याआधी थोडी जास्त धाव मिळते.

पुढच्या टायरची हवा कंपनीच्या आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी ठेवून पाहा. घरी निघण्यापूर्वी पुन्हा भरा. ट्रॅक्शन कंट्रोलचे (चाके फिरू लागली की ताकद आपोआप कमी करणाऱ्या यंत्रणेचे) बटण असेल तर बंद करा. हा सराव ट्रॅकवरच, सार्वजनिक रस्त्यावर कधीही नाही.

क्लच घसरतो तेव्हा उष्णता तयार होते, आणि प्लेट मरते ती त्यानेच. रांगेत हाफ क्लचवर उभे राहू नका, न्यूट्रलमध्ये राहा. दोन धावांमध्ये गाडीला निवू द्या. रोड टायरच्या गाडीला आम्ही सिरॅमिक प्लेट बसवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. ती एकदम पकडते, हळू सोडायला वावच ठेवत नाही आणि सगळा धक्का ड्राइव्हशाफ्टवर जातो.

जळका वास आला, किंवा वरच्या गिअरमध्ये आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर त्या दिवशी पुढची धाव घेऊ नका. गाडी सावकाश आमच्याकडे आणा, सोबत सगळ्या स्लिप आणा. गिअरबॉक्स उतरवून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तुमच्यासमोर तपासू.