पित्तनलिका-कर्करोग : केमो-इम्युनो संयुक्त उपचार

यकृतातील पित्त आतड्याकडे नेणाऱ्या नळ्यांच्या अस्तरात उद्भवलेला कर्करोग शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेला, की केमोथेरपी व इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारी औषधे) एकत्र देण्याची पद्धती.

या रोगाच्या उपचारांत ‘लक्ष्यित केमोथेरपी’ असाही शब्द येतो, पण या संज्ञेबाबत एकवाक्यता नाही. काही जण यकृताच्या रोहिणीत बारीक नळी सरकवून औषध थेट गाठीकडे सोडण्याला हे नाव देतात. इतर लेखनात एफजीएफआर2 जनुकाचे संमीलन (दुसऱ्या जनुकाशी जोडले जाणे) किंवा आयडीएच1 जनुकातील उत्परिवर्तन (बदल) तपासून दिलेल्या पेमिगॅटिनिब, आयव्होसिडेनिब अशा गोळ्या अभिप्रेत असतात. काटेकोरपणे पाहता या गोळ्या केमोथेरपी नव्हेत, आणि त्या सहसा पहिला उपचार निष्प्रभ ठरल्यावर दिल्या जातात. रोहिणीवाटेच्या उपचाराचा विचार मुख्यतः रोग यकृतापुरता मर्यादित असताना होतो. त्याचा पुरावा तुलनेने लहान अभ्यासांचा आहे. मोठ्या तौलनिक चाचण्यांचे पाठबळ आहे ते शिरेतून दिल्या जाणाऱ्या केमो-इम्युनो संयोगाला, म्हणून येथे तोच प्रमुख मानला आहे.

जेमसायटाबिन या केमो औषधाला सिस्प्लॅटिन या दुसऱ्या केमो औषधाची जोड दिल्याने मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) 8.1वरून 11.7 महिन्यांवर गेल्याचे 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या एबीसी-02 चाचणीत दिसले. पुढे टोपाझ-1 चाचणीत (685 रुग्ण) या जोडीबरोबर ड्युर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिले गेले. मध्यकातील फरक लहानच, 11.5 विरुद्ध 12.8 महिने, पण दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण 10.4 टक्क्यांऐवजी 24.9 टक्के होते. पेम्ब्रोलिझुमॅब या तशाच औषधाच्या कीनोट-966 चाचणीचा (1069 रुग्ण) कलही असाच. केवळ मध्यकावरून या उपचाराला क्षुल्लक ठरवणे म्हणूनच योग्य वाटत नाही: लाभ थोड्यांना होतो, पण ज्यांना होतो त्यांना तो दीर्घकाळ टिकू शकतो. केमोने मरणाऱ्या पेशी प्रतिकारशक्तीला जागे करतात, की दोन्ही औषधे आपापले काम स्वतंत्रपणे करतात, याविषयी मतभेद आहेत.

बेळगाव सीमाभागात या रोगाशी पहिली ओळख बहुधा ‘कावीळ’ या शब्दातून होते. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ती उतरवायची. पाणी पिवळे झाले की रोग उतरला, अशी समजूत. झाडपाल्याचे औषध आणि गळ्यातली माळ हेही ओळखीचे. मात्र डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला सतत खाज आणि पोटात दुखणे नाही, अशी कावीळ पित्तनळी तुंबल्याची असू शकते. तिच्यासाठी सोनोग्राफी त्याच आठवड्यात व्हायला हवी. नळीत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी छोटी नळी) घालून पित्त वाहते केल्याशिवाय आणि बिलिरुबिन (कावीळ आणणारे रक्तातले पिवळे द्रव्य) पुरेसे उतरल्याशिवाय केमो सहसा सुरू करता येत नाही. माळ बांधण्यात गेलेले दिवस येथे महाग पडतात.

केमोचे चक्र 21 दिवसांचे. पहिल्या व आठव्या दिवशी सलाइन. खानापूरकरांना त्यासाठी बेळगाव जवळ, निपाणीकरांना कोल्हापूर. महाराष्ट्राने 2023मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचे ठरवले. दोन राज्यांच्या दवाखान्यांत ये-जा करणाऱ्याने औषधांची नावे व मात्रा लिहिलेला कागद जवळ ठेवावा. ताप, थंडी वाजणे, जुलाब किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर पुढच्या सलाइनची तारीख येईपर्यंत थांबू नये; स्टेंट तुंबल्याने येणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो.