झाड नसलेल्या गच्चीवरची झोळी

बांधकामावर तीन बांबूंची टोकं एकत्र आवळून, त्यांना साडीची झोळी टांगून तान्ह्या बाळाला निजवलेलं तुम्ही पाहिलं असेल. मला तो अतिशय सुंदर आणि अचूक स्टँड वाटतो. साडीची दोन्ही टोकं वर एकाच गाठीत येतात, त्यामुळे बाळाचं वजन सरळ खाली उतरतं आणि तीन पायांत वाटलं जातं. शिवाय तीन पाय कुठल्याही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाहीत.

मोठ्या माणसाच्या हॅमॉकला, म्हणजे आडवं होऊन झोपायच्या लांब झोळीला, मात्र हीच युक्ती जशीच्या तशी चालत नाही. तो दोन टोकांना बांधलेला असतो. आपण आडवे झालो की दोन्ही दोऱ्या खाली तर ओढतातच, पण दोन्ही टोकांना एकमेकांकडेही खेचतात. ही आडवी ओढ किती, ते दोरीच्या उतारावर ठरतं. ८० किलोचा माणूस आणि जमिनीशी ३० अंशांचा उतार असेल, तर ती सुमारे ६९ किलो भरते. दोरी ताणून उतार १० अंशांवर आणला की तीच ओढ २२७ किलोंवर जाते! कपडे वाळत घालायची दोरी जास्त ताणली की भिंतीतला खिळा उपटून येतो, तो याच कारणाने.

घडीचे स्टँड बनवणाऱ्यांनी यावर छान तोडगा काढला आहे. दोन टोकांना दोन तिपाया आणि त्यांच्या माथ्यांमध्ये, घराच्या आढ्यासारखी, एक आडवी नळी. हॅमॉक नळीच्या अगदी टोकांनाच अडकवायचा. मग आडवी ओढ ही नळीच पेलते आणि तिपायांच्या वाट्याला फक्त खाली जाणारं वजन उरतं. तिरक्या पायांना बाहेर घसरायची खोड असते, विशेषतः गच्चीच्या गुळगुळीत फरशीवर, म्हणून पावलं दोरीने एकमेकांना बांधून टाकायची.

खरी परीक्षा त्या आडव्या नळीची. लांब, सडपातळ वस्तू दोन्हीकडून दाबली तर ती चिरडत नाही, मध्येच बाक धरते आणि वाकते. हे कधी घडेल याचं सूत्र गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी १७४४ मध्ये मांडलं. लांबी दुप्पट केली की ताकद चौथाई उरते. तेच नळीच्या पत्र्याची जाडी न बदलता व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं पण ताकद जवळपास आठपट. म्हणून भरीव सळईपेक्षा रुंद, पोकळ नळी घ्यावी.

३ मीटर लांब, ३८ मिलिमीटर व्यासाची, १.६ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची नळी हिशेबाने सुमारे २३५ किलोंच्या दाबाला वाकते. म्हणजे ३० अंशांवर ती निवांत आहे. कुणी धपकन बसलं आणि भार क्षणभर दुप्पट झाला, तरी तगेल. पण १० अंशांवर तीच नळी जेमतेम तग धरेल, आणि उचलून न्यायची म्हणून तुकड्यांत कापली असेल तर तेवढाही भरवसा नको, कारण प्रत्येक सांधा थोडा खेळतो. सांध्याच्या आतली बाही, म्हणजे दोन तुकडे जोडणारी आतली नळी, आखूड ठेवून वजन वाचवू नये, असं माझं ठाम मत आहे.

३० अंश मोजायला कोनमापक लागत नाही. दोन फूट दोरीमागे एक फूट उतार, की झालं.

स्वतः झोपण्याआधी हॅमॉकमध्ये पाण्याचे २० लिटरचे चार जार ठेवा, म्हणजे ८० किलो झाले. नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून बांधा आणि अर्धा तास थांबा. दोरा आणि नळी यांच्यातली फट वाढत असेल, तर जार उतरवा आणि नळी बदला.