मत्स्यखाद्य आणि तळ्याचे पाणी : ठाणे खाडीकाठ

मत्स्यशेतीत घातलेल्या खाद्याचा जो भाग माशाच्या अंगी लागत नाही, तो पाण्यात राहून पाणी नासवतो. हा भाग कमी व्हावा म्हणून खाद्याचे घटक, गोळीची बांधणी आणि खाद्य घालण्याची रीत यांत केलेल्या बदलांना खाद्यसुधारणा म्हणतात. ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठी तिची निकड अधिक आहे. खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतली तळी उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खाडीशी जोडलेली असतात. तळ्यातले नासके पाणी ओहोटीला त्याच खाडीत उतरते, जिच्यावर दिवाळे, सारसोळे अशा गावांतल्या कोळ्यांची मासेमारी चालते. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. पण शहरी सांडपाण्याचा भार तिच्यावर आहेच, आणि मत्स्यशेतीने त्यात भर घालणे अजिबात परवडणारे नाही.

हिशेब सरळ आहे. प्रथिनांत नायट्रोजन असतो. 30 टक्के प्रथिनांचे 2 टन खाद्य घालून 1 टन रोहू-कटला निघाला, तर खाद्याबरोबर सुमारे 96 किलो नायट्रोजन तळ्यात जातो. माशांच्या अंगात त्यातला साधारण 26 किलो राहतो. उरलेला 70 किलो पाण्यात आणि गाळात. तेवढाच मासा दीड टन खाद्यात निघाला, तर ही उरवळ 46 किलोवर येते, आणि खाद्याचा खर्चही वाचतो. मासे हा नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात टाकतात. उबदार पाण्यात पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप) 7 असताना अमोनियाचा जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो. पीएच 9 झाला की सुमारे 40 टक्के. खतावलेल्या पाण्यात शेवाळ माजते, शेवाळामुळे दुपारी पीएच चढतो, आणि एरवी सहन होणारा अमोनिया कल्ले जाळू लागतो. असे मासे रोगांना लवकर बळी पडतात. औषधाकडे वळण्याआधी खाद्य तपासावे ते यासाठी.

दुसरा प्रश्न फॉस्फरसचा. सोया, पेंड, कोंडा यांतला बहुतांश फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो. माशांना तो पचत नाही, म्हणून तोही पाण्यातच जातो. फायटेज हे विकर (एन्झाइम) तो मोकळा करते, पण त्याला आम्लता लागते, आणि रोहूला आम्ल स्रवणारे जठरच नसते. म्हणून वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहूच्या पिल्लांना फायटेजबरोबर सायट्रिक आम्ल देण्याचे प्रयोग झाले.

जिताड्याची गोष्ट निराळी. हा मांसाहारी मासा खाडीकाठी पूर्वापार भरतीबरोबर येणाऱ्या जवळ्यावर आणि बारीक मासळीवर पोसला जाई. आता विकत आणलेली ओली मासळी घातली, तर एक किलो जिताड्यामागे चार ते आठ किलो लागते. तिचे रक्त-पाणी तळ्यात विरघळते, रोगजंतूही येतात. 40 टक्क्यांहून अधिक प्रथिनांची गोळी याहून कितीतरी स्वच्छ. मात्र जिताड्याला तिची सवय लहानपणीच लावावी लागते.

घालण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड भुकटीच्या रूपातच फेकली, तर बरीचशी माशाच्या तोंडी लागण्याआधीच विरघळते. आंध्रात छिद्रे पाडलेल्या गोण्या बांबूला टांगतात. मासे तिथे येऊन हवे तेवढेच ओढून खातात. तरंगत्या गोळीचा मोठा फायदा म्हणजे खाणे डोळ्यांना दिसते. पाण्यावरची खळबळ मंदावली की हात आवरावा. बुडत्या खाद्यासाठी तळाशी ताट सोडून तासा-दोन तासांनी वर ओढावे. त्यात गोळ्या उरल्या असतील, तर पुढची मात्रा कमी करावी. ढगाळ दिवसांत प्राणवायू आधीच कमी असतो आणि खाल्ल्यावर माशाची गरज वाढते, म्हणून तेव्हा खाद्य निम्म्यावर आणावे.

पावसाळ्यात साठवण हा कोकणपट्टीचा खास त्रास आहे. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावीत. दमट खाद्यावर धरलेली बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते आणि माशाचे यकृत खराब होते. उन्हात घातल्याने बुरशी वाळते, पण विष पुरते जात नाही. असे खाद्य तळ्यात घालू नये.