रजिस्टरमधली सही ते स्क्रीनवरची हिरवी टिक

वडोदऱ्यात कामगारांच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण मराठी मंडळी १८९० च्या कलाभवनापासून सुरुवात करतो आणि तिथेच रमतो. पण इथल्या कारखान्यांतल्या एलएमएसचा, म्हणजे संगणकावर कोर्स देऊन कोणी काय पूर्ण केलं याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचा, पूर्वज शोधायचा तर ट्रेनिंग रजिस्टर उघडावं लागतं.

कोयलीची रिफायनरी १९६५ ची. पुढे पेट्रोकेमिकल्स, नंदेसरी आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहती, आणि मग सावली-हालोलकडचे औषध कारखाने. सगळीकडे पद्धत एकच: वर्ग घ्यायचा, शेवटी रजिस्टर फिरवायचं. तारीख, विषय, नाव, सही. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कारखाने कायद्यात कलम १११-अ आलं आणि आरोग्य-सुरक्षेचं प्रशिक्षण कामगाराचा हक्क ठरलं. रजिस्टरचे रकाने मात्र तेच राहिले.

औषधवाल्यांना रजिस्टर सोडायला लावलं ते अमेरिकेच्या १९९७ च्या नियमाने. क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता विभागात, त्याला सगळे नुसतं ‘पार्ट इलेव्हन’ म्हणतात. ठरलेल्या अटी पाळल्या तर संगणकावरची सही शाईच्या सहीइतकीच ग्राह्य, असा त्याचा मथितार्थ. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या कारखान्यात ऑडिटर आला की ‘या एसओपीचं (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीचं) ट्रेनिंग कोणाकोणाचं झालंय, दाखवा’ हे विचारणारच. ते दोन मिनिटांत दाखवता यावं, ही एलएमएस घेण्यामागची पहिली गरज. शिकणं सुधारावं ही दुसरी, आणि ती बहुतेक वेळा खरेदीच्या प्रस्तावातच राहिली.

आता एलएमएस कोर्स झाल्यावर दाखवते त्या ‘कम्प्लीटेड’ या शब्दाकडे येऊ. सगळा गुंता तिथे आहे.

कोर्स आणि एलएमएस यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं, हा प्रश्न आधी विमान कंपन्यांना पडला. प्रत्येक विमान उत्पादकाचं प्रशिक्षण वेगळ्या यंत्रणेवर, म्हणून १९८८ मध्ये त्या क्षेत्राची समिती बसली. तिचं बरंचसं काम अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने झालेल्या स्कॉर्म या मानकात उतरलं. २००१ च्या ऑक्टोबरात १.२ ही आवृत्ती आली. तिच्यात विद्यार्थ्याची स्थिती सांगायला रकाना एकच आणि त्यात सहा शब्द चालणार: पास्ड, फेल्ड, कम्प्लीटेड, इनकम्प्लीट, ब्राऊज्ड, नॉट अटेम्प्टेड. एका वेळी एकच.

ऑपरेटरने सगळ्या स्लाईड पाहिल्या आणि शेवटच्या चाचणीत तो नापास झाला, तर काय लिहायचं? कम्प्लीटेड खरं, फेल्डही खरं. रकान्यात एकच मावतं. कोर्स बनवणारा ठरवणार, आणि त्याने काय ठरवलं असेल ते सांगायला नको. फेल्ड म्हटलं की पुन्हा प्रशिक्षण, कागदपत्रं, साहेबांचे प्रश्न. कम्प्लीटेड म्हटलं की रिपोर्टात हिरवी टिक.

इतका सोपा साचा नसता तर एकाने बनवलेला कोर्स दुसऱ्याच्या एलएमएसवर चाललाच नसता, हे मान्य. पण माझ्या मते त्या एका रकान्याने ‘पाहिलं’ आणि ‘आलं’ यांतला फरक पुसला, आणि तो पुसलेला सगळ्यांनाच सोयीचा पडला. मी पाहिलेल्या एका कारखान्यात कँटीनच्या दाराशी हे कोर्स करायला एक संगणक होता. पाळी सुटताना सुपरवायझर विचारायचा, “थई गयुं?” ऑपरेटर म्हणायचा, “थई गयुं.” घडलं, झालं, उरकलं, सगळे अर्थ त्या दोन शब्दांत. स्क्रीनवरची एसओपी इंग्रजीत. ती गुजरातीत समजावली जायची ती मशीनपाशी, आणि त्याची नोंद कुठेच व्हायची नाही.

त्यात १.२ ची आणखी एक खोड. अर्धा कोर्स सोडून गेलेल्या माणसाची जागा लक्षात ठेवायला ४०९६ अक्षरं. लांब कोर्सची खूण तेवढ्यात बसली नाही की परत आलेला माणूस थेट पहिल्या स्लाईडवर. मग ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत तो पुन्हा शेवटाला.

चूक लक्षात आली नव्हती असं नाही. २००४ च्या स्कॉर्ममध्ये ‘पूर्ण केलं का’ आणि ‘जमलं का’ असे दोन वेगळे रकाने झाले. पण त्याबरोबर धड्यांच्या क्रमाचे इतके नियम आले की कोर्स बनवणारे बरेचसे १.२ वरच थांबले. मग २०२० चा लॉकडाऊन आला. तेव्हा वर्ग बंद पडले, सगळं घाईघाईत स्क्रीनवर गेलं, आणि जुने कोर्स ज्यावर चालायचे त्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपल्यावर ते नव्याने काढावे लागले. रकाना बदलायची ती नामी संधी होती. मी पाहिलं तिथे फाईल नव्या साच्यात काढताना यादीतून पुन्हा १.२ च निवडलं गेलं.

दरम्यान २०१३ मध्ये एक्सएपीआय हे शिकण्याच्या नोंदींचं नवं मानक आलं. त्यामुळे मशीनपाशी दिलेला धडाही नोंदवता येऊ लागला. त्यावरच बेतलेल्या २०१६ च्या सीएमआय५ या मानकात तर धडा पुरा कधी मानायचा हे कोर्स बनवणाऱ्याने आधीच सांगायचं असतं: उत्तीर्ण झाल्यावर, पूर्ण केल्यावर, दोन्ही झाल्यावर, की दोहोंपैकी एक झाल्यावर. पाचवा पर्याय ‘लागू नाही’. त्यात काही न करताही धडा पुरा धरला जातो. कोणी काहीच निवडलं नाही, तर लागू होतो तो हाच पाचवा.