लिंकन रेड इम्प्स (जिब्राल्टर)

लिंकन रेड इम्प्स हा जिब्राल्टरचा फुटबॉल क्लब, १९७६ मध्ये सुरू झालेला आणि तिथली लीग सगळ्यात जास्त वेळा जिंकलेला. जिब्राल्टर म्हणजे स्पेनच्या दक्षिण टोकाला चिकटलेला, ब्रिटिशांच्या ताब्यातला एक खडक, क्षेत्रफळ पावणेसात चौरस किलोमीटरच्या आसपास म्हणजे आपलं माथेरान धरा, आणि त्यात तीसेक हजारांच्या वर माणसं. याला देश म्हणायचं का यावर वाद घालणारे घालतात, कागदोपत्री तो ब्रिटनचा परदेशातला प्रदेश आहे, पण फुटबॉलपुरता तो देश आहे, स्वतःची टीम, स्वतःची लीग, स्वतःचा कप. आणि हे फुटबॉलपुरतं देश होणं कधी झालं त्यावरून या क्लबच्या इतिहासाचे सरळ दोन तुकडे पडतात, २०१३ च्या आधीचा आणि नंतरचा.

आधी नावाचं, कारण पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण तेच विचारतो. इंग्लंडमध्ये लिंकन नावाचं शहर आहे, तिथल्या जुन्या कॅथेड्रलमध्ये वर उंचावर दगडात कोरलेलं एक छोटं खोडकर भूत बसलंय, त्याला लिंकन इम्प म्हणतात. त्यावरून तिथल्या लिंकन सिटी क्लबला ‘इम्प्स’ हे टोपणनाव पडलं आणि जर्सी लाल-पांढरी. जिब्राल्टरच्या पोरांनी क्लब काढला तेव्हा नाव तिकडून उचललं. ही पोरं मुळात पोलिसांच्या एका युवा संघातून आलेली, हे लक्षात ठेवा, पुढे एका पोलिसाचा विषय येणार आहे.

जिब्राल्टरमध्ये फुटबॉल काही काल-परवाचा नाही. तिथली फुटबॉल असोसिएशन १८९५ ची आहे, ब्रिटिश खलाशी आणि सैनिक बंदरात होतेच, त्यांच्याबरोबर खेळ आला आणि रुजला. जुन्या काळात प्रिन्स ऑफ वेल्स, ब्रिटानिया, नंतर ग्लेशिस युनायटेड हे मोठे क्लब, प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावावर तर १९ लीग आहेत. लिंकनवाले त्यांच्यासमोर अगदीच नवखे, पहिली लीग १९८५ ला मिळाली. मग हळूहळू जम बसला आणि २००३ पासून जे सुरू झालं त्याला तोड नाही, २००३ ते २०१६ सलग १४ वर्षं लीग त्यांचीच. युरोपात सलग १४ चा हा आकडा लाटव्हियाच्या स्कोंटो रिगानेही गाठला आणि २०२५ मध्ये बल्गेरियाच्या लुडोगोरेट्सनेही, नॉर्वेचा रोझेनबोर्ग १३ वर थांबला.

आता १४ म्हटलं की भारी वाटतं, पण ही लीग कशी आहे तेही सांगायला पाहिजे. अख्ख्या देशात तेव्हा मोठं मैदान एकच, व्हिक्टोरिया स्टेडियम, आणि सगळे क्लब सगळ्या मॅचेस तिथेच खेळायचे. म्हणजे होम मॅच, अवे मॅच हा प्रकारच नाही, ड्रेसिंग रूम बदलली की झालं. मैदान विमानतळाच्या धावपट्टीला लागून, एका बाजूला उभा खडक, पायाखाली कृत्रिम टर्फ, आणि पूर्वेकडून ‘लेव्हांटर’ नावाचा वारा सुटला की खडकाच्या डोक्यावर ढगाची टोपी बसते आणि खाली उंच मारलेला बॉल कुठे उतरेल याचा नेम नाही. शहरातून स्पेनच्या हद्दीकडे जाणारा रस्ता धावपट्टीवरूनच जायचा, विमान आलं की रेल्वेसारखं फाटक पडायचं आणि लोक स्कूटर बंद करून उभे, २०२३ मध्ये बोगदा सुरू झाला तेव्हा कुठे गाड्यांचा तो थांबा संपला. खेळाडू दिवसा नोकरी करणारे, पोलीस, कस्टम्स, ऑफिसात बसणारे, संध्याकाळी प्रॅक्टिसला येणारे. अशा लीगमध्ये ज्याने चांगली पोरं एकदा गोळा केली आणि धरून ठेवली तो जिंकतच राहतो, कारण त्याला अडवायला दुसऱ्याचं गावच नाही, दुसऱ्याचं मैदानच नाही. माझ्या मते १४ मागचं अर्धं गणित हेच आहे.

पण जिंकून जायचं कुठे? गल्लीत राजे आणि दिल्लीचं दारच बंद. इतर छोट्या देशांचे चॅम्पियन, अगदी फेरो बेटं, अँडोरा, सॅन मरिनोचेसुद्धा, चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेच्या, पात्रता फेरीत जातात, हरतात, पण जातात तरी. जिब्राल्टर युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, सदस्यच नव्हता. अर्ज १९९० च्या दशकापासून पडून होता आणि आडवा होता स्पेन, कारण जिब्राल्टर आमचंच आहे हे त्यांचं जुनं म्हणणं. युएफाने मध्येच नियम बदलला की संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेलाच देश सदस्य होऊ शकतो, प्रकरण क्रीडा लवादाकडे गेलं, आणि २००७ मध्ये मतदान झालं त्यात जिब्राल्टरच्या बाजूने मतं किती, तर ३. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स. विरोधात ४५. तरी लवादात जिब्राल्टरचं पारडं जड राहिलं आणि मे २०१३ मध्ये लंडनच्या बैठकीत सदस्यत्व मिळालं, तेव्हा विरोधात राहिले फक्त स्पेन आणि बेलारूस. स्पेन आणि जिब्राल्टर एकाच गटात टाकायचे नाहीत एवढी तडजोड ठेवली.

तर २०१४ च्या जुलैत लिंकनची पहिली युरोपियन मॅच झाली, फेरो बेटांच्या एचबी तोर्शाव्हनबरोबर घरी १-१, तिकडे जाऊन २-५. पुढच्या वर्षी अँडोराच्या सांता कोलोमाला २-१ ने काढलं, जिब्राल्टरच्या क्लबने युरोपात जिंकलेली ती पहिली फेरी. आणि मग २०१६. एस्टोनियाच्या फ्लोराकडे १-२ हरून आले, घरी २-० ने उलटवलं, आणि समोर आला सेल्टिक, १९६७ चा युरोपियन चॅम्पियन, ग्लासगोचा तो हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांवाला.

१२ जुलै २०१६, व्हिक्टोरिया स्टेडियम. सेल्टिकचे नवे मॅनेजर ब्रेंडन रॉजर्स यांची ही पहिलीच अधिकृत मॅच. दुसरा हाफ सुरू होऊन दोन-तीन मिनिटं झाली असतील, ४८ वं मिनिट, मागून एक लांब बॉल आला, ली कासियारोने तो घेतला, सेल्टिकचा डिफेंडर एफे अँब्रोज समोर, त्याला एका झटक्यात चकवून आत घुसला आणि खालून गोल. १-० आणि तेवढ्यावरच मॅच संपली. ली कासियारो तेव्हा ३४ वर्षांचा आणि पेशाने पोलीस, जिब्राल्टरमधल्या ब्रिटिश संरक्षण खात्याच्या पोलिसात. जिब्राल्टरच्या राष्ट्रीय टीमचा स्पर्धात्मक सामन्यातला पहिला गोलही त्याचाच, मार्च २०१५ ला ग्लासगोतच, स्कॉटलंडविरुद्ध (ती मॅच १-६ हरले ते सोडा). म्हणजे स्कॉटिश लोकांना या माणसाने दोनदा त्रास दिला. त्याचे भाऊ रायन आणि काइल हेही जिब्राल्टरकडून खेळलेले, छोट्या देशात टीम म्हणजे अर्धं लग्नघर असतं.

परतीच्या मॅचला ग्लासगोत ०-३, पहिल्या हाफमध्येच विषय संपला, बाहेर. पण गंमत पुढे आहे, त्या २०१६-१७ सीझनमध्ये सेल्टिक स्कॉटलंडमध्ये एकही मॅच हरला नाही, लीग आणि दोन्ही कप घेऊन गेला. अशा टीमला पोलिसाने हरवलं म्हणून जगभरच्या पेपरांत बातमी झाली आणि आजही लिंकनचं नाव काढलं की लोकांना तेवढंच आठवतं. मला विचाराल तर क्लबच्या दृष्टीने ती मॅच फोटोपुरती, हिशेब बदलला तो नंतर.

मधली वर्षं बरी-वाईट गेली. २०१७ ला सलग लीगची साखळी जिब्राल्टरच्याच युरोपा एफसीने तोडली, लिंकनने २०१८ आणि २०१९ परत घेतली, २०२० चा सीझन कोरोनात अर्धवट सोडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्लासगोचा दुसरा क्लब रेंजर्स त्याच व्हिक्टोरिया स्टेडियमवर आला आणि ०-५ मारून गेला.

खरी उडी २०२१ ची. युएफाने कॉन्फरन्स लीग नावाची तिसरी स्पर्धा काढली, मोठ्यांना यात फार रस नाही पण छोट्यांसाठी दार उघडलं. लिंकन चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेतून घसरत घसरत तिच्या प्लेऑफला पोचले, समोर लाटव्हियाचा रिगा एफसी. तिकडे १-१, घरी एक्स्ट्रा टाइममध्ये ३-१. जिब्राल्टरचा क्लब पहिल्यांदा ग्रुप स्टेजला. तिथे कोपनहेगन, पीएओके आणि स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा, सहाच्या सहा मॅच हरले, पण नुसतं ग्रुपमध्ये पोचायचे २९ लाख ४० हजार युरो. आता विचार करा, ज्या लीगमध्ये बाकीचे क्लब तिकीट आणि स्थानिक स्पॉन्सरवर चालतात तिथे एकाच्या खात्यात एवढी रक्कम. ला लिनेआ आणि आजूबाजूच्या गावांतून रोज हद्द ओलांडून येणारे स्पॅनिश खेळाडू आधीही होतेच, आता चांगले खेळाडू घेणं आणि टिकवणं अजून सोपं झालं. २०२१ ते २०२५ सलग पाच लीग परत लिंकनच्याच, आणि एकच क्लब युरोपचा पैसा खातो मग लीगमध्ये उरतं काय ही तक्रार निघणारच, ती चूकही नाही, पण हे युरोपातल्या बऱ्याच छोट्या लीगचं दुखणं आहे, लिंकनने एकट्याने काय करायचं.

२०२५ मध्ये ते पुन्हा कॉन्फरन्स लीगच्या मुख्य फेरीत आले, आर्मेनियाच्या नोआला पेनल्टीवर काढून, मग पोर्तुगालच्या ब्रागाकडून सपाटून मार खाऊन खाली घसरत. पहिल्याच मॅचला बोस्नियाच्या झ्रिन्स्कीने पाच घातले. आणि २३ ऑक्टोबरला पोलंडचा चॅम्पियन लेख पोझ्नान आला, त्याला २-१ ने हरवलं, मुख्य फेरीतला जिब्राल्टरच्या क्लबचा पहिला विजय. ही मॅच विमानतळाशेजारच्या जुन्या मैदानावर नव्हती, खडकाच्या दुसऱ्या टोकाला युरोपा पॉइंटच्या मैदानावर झाली, जिथून दीपगृहापलीकडे समुद्र आणि हवा स्वच्छ असेल तर मोरोक्कोचे डोंगर दिसतात.