कुठल्या कंपनीचा टायर चांगला? आधी रबराचं ऐका

टायर बदलायची वेळ आली की एकच चर्चा सुरू होते, एमआरएफ की सिएट, अपोलो की मिशलिन, आणि ज्याची गाडी ज्या टायरवर नीट चालली तो त्याच कंपनीचं नाव घेतो. माझा मामा गेली कित्येक वर्षं ट्रक चालवतो, त्याला विचारलं तर तो म्हणाला, "कंपनीचं नंतर बघू, गाडीत भरणार काय आणि रस्ता कुठला ते सांग आधी." मला हे लय पटलं, कारण एकच कंपनी अगदी उलट स्वभावाचे टायर विकते. सिएटचा मायलेझ जास्त किलोमीटर चालावा म्हणून बनवलाय आणि सिक्युराड्राइव्ह ग्रिपसाठी, अपोलोचंही तसंच, ॲमेझर टिकायला आणि अल्नॅक पकडीला. मग नुसतं "सिएट बरा की अपोलो" विचारून काय कळणार?

गंमत अशी की टायरकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात, ओल्या रस्त्यावर पकड, कमी झीज आणि कमी पेट्रोल, आणि एक वाढवायला गेलं की दुसरी कमी होते. रबर दाबलं की दाबायला लागलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. ताशी 80 ला साध्या कारचं चाक सेकंदाला 11-12 वेळा फिरतं, म्हणजे रबराचा प्रत्येक तुकडा तितक्या वेळा दबतो, तिथे ऊर्जा वाया गेली की पेट्रोल गेलं. पण ब्रेक मारल्यावर तेच रबर खडीच्या बारीक टोकांवरून घासत सेकंदाला हजारो वेळा दबतं, आणि तिथे मात्र ऊर्जा खर्च झालेलीच हवी, ग्रिप म्हणतात ती बरीचशी त्यातूनच येते! पूर्वी रबरात मुख्यतः कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड घालायचे, त्यात हे दोन्ही एकदम साधणं अवघड होतं. 1990 च्या दशकात मिशलिनने सिलिका (वाळूत असते तीच) घालून ते बरंचसं साधलं, आज कारच्या चांगल्या टायरमध्ये सिलिका असतेच.

ट्रकचं गणित वेगळंच. एकेका टायरवर टनांत वजन, हवा 110-120 पीएसआय (कारला 30-35), त्यामुळे तिथे आतल्या उष्णतेची भीती मोठी. म्हणून ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर भरपूर वापरतात, ते कमी तापतं, आणि ताणलं की त्याच्या रेणूंच्या साखळ्या एका रांगेत येऊन घट्ट होतात, चीर सहज पुढे सरकत नाही. शिवाय ट्रकवाला टायर एकदा वापरून टाकत नाही, झिजला की रिमोल्ड करून, म्हणजे वर नवा थर चढवून परत चालवतो, त्यामुळे तो नक्षीपेक्षा आतला सांगाडा किती दणकट आहे ते बघतो, आणि हिशोब टायरच्या किमतीचा नाही तर दर किलोमीटरला किती पडला त्याचा. मामा पुढच्या चाकांना सरळ रेघांचा टायर लावतो कारण स्टिअरिंग हलकं राहतं, मागे खोल गोट्यांच्या (उठावदार ठोकळ्यांच्या) नक्षीचा, चिखलात ओढ मिळावी म्हणून.

आणि हवा! समृद्धीवर टायर फुटल्याच्या बातम्या आल्या की लोक म्हणतात हवा जास्त झाली असेल, पण बहुतेकदा उलटंच असतं, हवा कमी असली की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जास्त दुमडते, तासन् तास एकाच वेगात ती तापत जाते आणि मग फुटते. कितीही महागडा टायर असला तरी हवा कमी असेल तर तो वाचत नाही. हवा गाडी थंड असतानाच तपासा, चालवून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो, तो बघून हवा काढू नका.

गेल्या वर्षी एका दुकानात मला नवाकोरा चमकदार टायर दाखवला, मी वाकून साइडवॉलवर डीओटी (DOT) अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचले, 1819, म्हणजे 2019 चा अठरावा आठवडा, पाच-सहा वर्षं गोदामात पडलेलं रबर. मी तो परत दिला, दुसऱ्या दुकानात त्याच मॉडेलचा तीन महिन्यांपूर्वी बनलेला मिळाला, भाव तोच.